ठसा कोणाचा, एवढंच विचारलं होतं

१८८० साली हेन्री फॉल्ड्स नावाच्या एका स्कॉटिश डॉक्टरने, जो तेव्हा टोकियोत दवाखाना चालवत होता, 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकाला बोटांच्या ठशांबद्दल एक पत्र पाठवलं. त्यात त्याने स्वतः निस्तरलेल्या दोन भानगडी सांगितल्यात. एकीत कोणीतरी रेक्टिफाइड स्पिरिट चोरून पीत होतं आणि तेलकट बोटांच्या खुणांवरून तो गडी सापडला. दुसरीत पांढऱ्या भिंतीवर चढलेल्या माणसाचे काजळीचे ठसे उमटले होते आणि ते आळ खोटा ठरवायला कामी आले. म्हणजे बघा, ठशांनी सुरुवातीलाच एकाला पकडून दिलं आणि एकाला सोडवलं, आणि दोन्ही वेळा प्रश्न एकच होता, हे बोट कोणाचं? त्या माणसाला कसला आजार आहे, तो कुठल्या गोळ्या घेतो, असलं काही फॉल्ड्सला विचारायचं नव्हतं आणि विचारलं असतं तरी उत्तर मिळायची सोय नव्हती. तेल ही त्याच्या दृष्टीने फक्त शाई होती, बघायची ती नक्षी.

पुढची सव्वाशे वर्षं सगळ्या जगाने तेच केलं, नक्षी वाचली आणि शाईकडे ढुंकूनही बघितलं नाही. आता शाईच वाचता येते, आणि काही बाबतीत ती नक्षीपेक्षा जास्त बोलते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे कोणाला वाटायला नको की मी घुमवतोय. ठसे घ्यायची जी मोकळीक कायद्याने तपास करणाऱ्यांना दिली ती नक्षी वाचायला दिली होती. शाई वाचायची तर वेगळं विचारा, वेगळे नियम करा, आणि त्यातही गुन्ह्याबद्दलचं काय आणि माणसाबद्दलचं काय हे आधी वेगळं काढा. आणि शाईवर एवढा पैसा आणि बुद्धी खर्च करायचीच असेल तर ती सगळ्यात आधी 'कधी?' या प्रश्नावर करा, कारण कोर्टात माणसाचं आयुष्य त्या प्रश्नावर अडलेलं असतं.

तर शाईत असतं काय. बोटांच्या पेरांवर आणि तळहातावर तेलाच्या ग्रंथी नसतातच, तिथे फक्त घामाच्या. घाम म्हणजे जवळपास सगळं पाणी, त्यात मीठ, थोडा युरिया, लॅक्टिक ॲसिड आणि अमिनो ॲसिडं, त्यातलं सेरीन सगळ्यात जास्त. मग तेलकटपणा येतो कुठून? तर आपण दिवसभर नकळत नाक, कपाळ, केस चाचपत असतो तिथून. स्क्वालीन, फॅटी ॲसिडं, मेणासारखे एस्टर, कोलेस्टेरॉल हे सगळं तोंडावरचं बोटावर येतं. आणि तिसरा वाटा म्हणजे हाताला लागलेलं बाकीचं जग, क्रीम, साबण, सिगरेट, गोळीची भुकटी, दाराच्या कडीवर आधी ज्याने हात ठेवला त्याचं जे काही असेल ते. हे तीन वाटे लक्षात ठेवा कारण अर्धा घोळ इथेच आहे. अंगातून बाहेर आलेलं आणि बाहेरून अंगाला लागलेलं एकाच ठशात, एकमेकांवर लिंपलेलं असतं आणि ठसा तपासणाऱ्या मशीनला त्याच्याशी काही घेणं नसतं, मशीन दोन्ही दाखवतं.

आता कोणी म्हणेल की ठशांत केमिस्ट्री काय आजची आहे का, निनहायड्रिन कधीपासून वापरतायत. खरंय. झिगफ्रिड रूहेमानने १९१० साली निनहायड्रिन बनवलं आणि त्याचा जो जांभळा रंग येतो त्याला अजून त्याचंच नाव आहे, १९५४ साली दोन स्वीडिश संशोधकांनी सुचवलं की हे कागदावरच्या ठशांना लावा, घामातल्या अमिनो ॲसिडांशी रिॲक्शन होऊन ठसा जांभळा उमटतो. सुपरग्लूची वाफ देऊन काचेवरचे, प्लास्टिकवरचे ठसे पांढरे करतात ते १९७० च्या दशकाच्या शेवटीशेवटी सुरू झालं. पण या सगळ्यात केमिकलचं काम काय होतं, तर न दिसणारी नक्षी दिसायला लावणं. फोटोच्या डार्करूममधल्या डेव्हलपरसारखं. ठसा दिसला की केमिस्ट घरी, पुढचं काम रेषा मोजणाऱ्याचं.

नवीन जे आहे ते मास स्पेक्ट्रोमीटरमुळे. हे मशीन रेणूंचं वजन करतं असं समजा, आणि ते इतक्या बारीक मापाने करतं की एका ठशात जेवढा माल असतो, तो तरी किती, मायक्रोग्रॅमच्या हिशेबातला, तेवढ्यावरही त्याचं भागतं. २००७ साली ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या लोकांनी ठशातून कोटिनिन पकडलं. कोटिनिन म्हणजे निकोटिन शरीरात गेल्यावर त्याचं जे बनतं ते, म्हणजे या माणसाने सिगरेटला नुसता हात लावला नाही, ओढली. (तिथे मास स्पेक नव्हतं, अँटिबॉडी वापरल्या होत्या, पण मुद्दा तोच.) २००८ साली अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात ठशाची नक्षी आणि त्यात पसरलेलं कोकेन एकाच चित्रात दाखवलं. इंग्लंडमध्ये शेफील्ड हॅलम विद्यापीठात सिमोना फ्रान्चेसे यांच्या गटाने तर ठशातून कंडोमचं वंगण, रक्तातलं हिमोग्लोबिन असं बरंच काही काढून दाखवलंय. २०१५ साली सरे विद्यापीठातून कोकेन घेतलेल्या माणसाच्या ठशात त्याची मेटाबोलाइट्स, म्हणजे शरीरात गेल्यावर त्याचे जे रेणू बनतात ते, सापडल्याचं आलं आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या ऑल्बनी विद्यापीठातून आलं की अमिनो ॲसिडांच्या प्रमाणावरून ठसा बाईचा की पुरुषाचा हे सांगता येतं, बायकांच्या घामात ती जास्त असतात. शेवटचं हे मूठभर माणसांवरचं काम होतं हे बातमीत खाली कुठेतरी असतं, मथळ्यात नसतं.

यात वाईट काय? वाईट काही नाही, मला स्वतःला हे वाचताना भारी वाटतं. मी फॉरेन्सिकमधला नाही पण मास स्पेकसमोर बसून बरीच वर्षं काढलीयेत, त्यामुळे एका पुसटशा डागातून एवढं काढणं म्हणजे काय कसब लागतं ते मला माहितीय. प्रश्न कसबाचा नाहीये, परवानगीचा आहे.

१९६९ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टासमोर डेव्हिस विरुद्ध मिसिसिपी हा खटला आला होता. पोलिसांनी पुरेसं कारण नसताना धरून नेऊन घेतलेले ठसे कोर्टाने त्यात बाद केले, पण जाता जाता असंही म्हटलं की ठसे घेणं ही तशी सौम्य गोष्ट आहे, चौकशीत किंवा झडतीत जसं माणसाच्या खासगी आयुष्यात आणि विचारांत डोकावलं जातं तसं ठशांत काही होत नाही. भारतात १९६१ साली काठी कालू ओघड खटल्यात ११ न्यायाधीशांच्या पीठाने ठरवलं की आरोपीचे ठसे घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे, कारण ठसा त्याच्या मनातलं, त्याला ठाऊक असलेलं काही सांगत नाही, तो फक्त जुळवून बघायला असतो. दोन देश, दोन कायदे, पण पायाखालची समजूत एकच आहे की ठसा मुका असतो, 'हा तोच' किंवा 'हा तो नव्हे' यापलीकडे त्याला काही बोलता येत नाही. तेव्हा ती समजूत शंभर टक्के बरोबर होती. आता तो मुका राहिला नाही, पण कायदा अजून त्याला मुकाच धरून चाललाय.

आणि कोर्टांना हा फरक कळत नाही असंही नाही हां. २०१६ साली बर्चफील्ड विरुद्ध नॉर्थ डकोटा या खटल्यात त्याच अमेरिकन सुप्रीम कोर्टाने दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांबद्दल काय सांगितलं बघा. अटक झाल्यावर श्वासाची टेस्ट वॉरंटशिवाय चालेल, रक्ताची चालणार नाही. कारण नुसतं सुई टोचण्याचं नव्हतं, श्वासाच्या टेस्टमधून एकच आकडा मिळतो, दारू किती, आणि मागे काही उरत नाही, पण रक्ताची बाटली जपून ठेवता येते आणि त्यातून दारूखेरीज दुसरंही काय काय काढता येतं हेही होतं. मला वाटतं ठशांच्या बाबतीत हाच गज लावायला पाहिजे. नक्षी म्हणजे श्वासाची टेस्ट, एक प्रश्न, एक उत्तर. शाई म्हणजे रक्ताची बाटली. आणि रक्तापेक्षा बिकट अशासाठी की रक्त घेताना निदान तुम्हाला कळतं, ठसा तर तुम्ही दर मिनिटाला कुठे ना कुठे ठेवून जाताय.

इथे मी एक रेघ ओढतो, ती थोडी वाकडी आहे हे मान्य करून. ठशातलं जे काही गुन्ह्याच्या घटनेबद्दल सांगतं ते एका बाजूला आणि जे ठसा उमटवणाऱ्या माणसाबद्दल सांगतं ते दुसऱ्या बाजूला. ठशात स्फोटकाचे कण आहेत का, रक्त माणसाचं आहे का आणि ते बोटाला आधी लागलेलं होतं की बोट रक्तावर नंतर पडलं, बलात्काराच्या केसमध्ये जिथे वीर्य सापडत नाही तिथे कंडोमचं वंगण आहे का, हे सगळं घटनेबद्दलचं आहे आणि याला माझा काडीचाही विरोध नाही, उलट याने जिचं कोणी ऐकत नव्हतं अशा एखाद्या बाईचं म्हणणं खरं ठरणार असेल तर अजून मशिनं घ्या. पण हा माणूस बाई आहे की पुरुष, डिप्रेशनचं औषध घेतो का, एचआयव्हीचं घेतो का, दारू पितो का, हे माणसाबद्दलचं झालं. ते ठसा आपल्या हातात आहे म्हणून सहज बघून घेतलं असं चालू देऊ नका. त्यासाठी कोणीतरी न्यायाधीशासमोर जाऊन सांगायला हवं की आम्हाला हे एवढंच बघायचंय आणि या कारणासाठी बघायचंय.

आणि यात आरोपीची काळजी आहे असं वाटत असेल तर जरा थांबा. जागेवर सापडणारे ठसे, ज्यांना या धंद्यात चान्स प्रिंट म्हणतात, ते बहुतेक कोणाचे असतात? जे तिथे राहतात त्यांचे. जिच्या घरात चोरी झाली तिचे, जो मेला त्याच्या बायकोचे, शेजाऱ्याचे, कामाला येणाऱ्या माणसाचे. म्हणून तर तपासात घरच्यांचेही ठसे घेतात, वगळण्यासाठी, आणि लोक ते खुशीने देतात, बाबा माझा ठसा बाजूला काढा आणि चोराचा शोधा. आता त्याच घरातल्या पेल्यावरचा प्रत्येक ठसा मास स्पेकमध्ये गेला तर चोराचा पत्ता लागेल न लागेल, पण कोणाला कसल्या गोळ्या चालू आहेत याची यादी मात्र केसपेपरात जाईल, आणि केसपेपर एकदा झाला की तो वकिलांच्या, कारकुनांच्या, पत्रकारांच्या हातातून फिरतो. बायकोला नवऱ्याचं औषध फिर्याद दिल्यावर कळावं? जिच्यावर अत्याचार झाला तिच्याच ठशात कसली नशा सापडली तर समोरचा वकील तिचं काय करेल हे सांगायला पाहिजे का?

बरं, हे सगळं खासगीपणाचं झालं. पण समजा तुम्हाला खासगीपणाचं काही पडलेलं नाही, 'मी काही केलं नाही तर मला कसली भीती' या गटातले तुम्ही असाल, तर तुमच्यासाठी ही दुसरी गोष्ट.

२१ नोव्हेंबर १९७४ च्या रात्री इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बॉम्ब फुटले, २१ माणसं गेली. त्याच रात्री बेलफास्टला जाणाऱ्या बोटीच्या धक्क्यावर काही आयरिश माणसांना पोलिसांनी थांबवलं. त्यांच्या हातांवरून बोळे फिरवले आणि ग्रीस (Griess) टेस्ट नावाची रंगाची टेस्ट केली. या टेस्टमध्ये नायट्राइट असलं की गुलाबी रंग येतो, आणि नायट्रोग्लिसरीन या स्फोटकातून नायट्राइट मिळतं. दोघांच्या हातांवर पॉझिटिव्ह आलं. फॉरेन्सिकच्या तज्ज्ञाने सांगितलं की या दोघांनी स्फोटकं हाताळली याची मला ९९ टक्के खात्री आहे. १९७५ साली सहा जणांना जन्मठेप झाली. (नुसत्या या टेस्टवर नाही, कबुलीजबाबही होते आणि ते मारून घेतलेले होते असं त्यांचं म्हणणं होतं, पण ज्युरीसमोर शास्त्राचा शिक्का हाच होता.) मग काय निघालं, तर ती माणसं ट्रेनमध्ये पत्ते खेळत आली होती, आणि पत्त्यांवर जो चकचकीत थर असतो त्यात नायट्रोसेल्युलोज असायचं, त्यानेही ग्रीस टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. पत्ते खेळल्याबद्दल! १९९१ साली सहाही जण सुटले, सोळा वर्षं आत काढून.

या गोष्टीत टेस्ट खोटं बोलली नव्हती हे नीट बघा. नायट्राइट होतं म्हणून रंग आला. तज्ज्ञाने जे विचारायला हवं होतं ते विचारलं नाही, की बाबा, रस्त्यावरची कुठलीही शंभर माणसं धरून त्यांच्या हातांवर ही टेस्ट केली तर किती जणांची पॉझिटिव्ह येईल? हा आकडा नसेल तर '९९ टक्के खात्री' हे त्या माणसाच्या स्वभावाचं वर्णन आहे, पुराव्याचं नाही.

तेव्हाची ती परीक्षानळीतली टेस्ट होती, आता एवढी महागडी मशिनं आहेत, आता तसं होणार नाही असं वाटतं ना? मशीन जेवढं तिखट तेवढा हा प्रश्न जास्त चिघळतो, कारण आधी जे दिसत नव्हतं ते आता दिसायला लागतं. सरे विद्यापीठाच्याच लोकांनी २०१८ साली जे प्रसिद्ध केलं ते मला म्हणूनच फार आवडतं. त्यांनी ड्रग्ज न घेणाऱ्या ५० माणसांचे ठसे तपासले. सुमारे १३ टक्के ठशांत कोकेन निघालं, आणि १ टक्का ठशांत हेरॉइनचं मेटाबोलाइट. काहीही न घेणाऱ्या लोकांच्या बोटांवर! नोटा, दारांचे दांडे, हस्तांदोलन, कुठून आलं कोण जाणे. त्यांनी प्रामाणिकपणे हे मोजलं, त्यावरून एक मर्यादा ठरवली की याच्या खाली सापडलं तर त्याला अर्थ नाही, आणि पुढे २०२० मध्ये हात धुवून आणि मेटाबोलाइट बघून 'हात लावला' आणि 'पोटात गेलं' यातला फरक काढून दाखवला. काम असं करतात. पण यातली मेख कोणाच्या लक्षात येते का? हात धुवायला माणूस समोर लागतो. गुन्ह्याच्या जागी सापडलेला ठसा कुठे धुवून आणणार?

आणि लॅबबद्दल लोकांच्या डोक्यात जे चित्र आहे ना, पांढरे कोट आणि चुकत नाही असं मशीन, त्याला मी स्वतः तडा देतो. एकदा मी सकाळी मशीन सुरू केलं, नेहमीप्रमाणे नुसतं शुद्ध मेथनॉल सोडलं, ज्याला आम्ही ब्लँक म्हणतो, त्यात काहीही यायला नको. आलं. आदल्या दिवशीच्या शेवटच्या सॅम्पलचं पीक, म्हणजे आलेखावरचं टोक, छोटंसं पण अगदी जागेवर. आदल्या सॅम्पलमध्ये माल जास्त होता, तो कॉलममध्ये, म्हणजे सॅम्पल ज्या नळीतून मशीनकडे जातं तिच्यात, कुठेतरी चिकटून राहिला आणि रात्रभर झोपून सकाळी बाहेर आला. आमचं काम काही कोणाला तुरुंगात घालायचं नव्हतं, आम्ही कॉलम धुतला, पुन्हा ब्लँक मारला, काम सुरू. पण तेव्हापासून कुठल्याही रिपोर्टात 'आढळले' हा शब्द दिसला की माझा पहिला प्रश्न असतो, त्याच्या आधी काय चालवलं होतं? हे झालं चुकून होणारं. मुद्दाम होणारंही असतं. मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी ड्रग लॅबमधली एक केमिस्ट सॅम्पल न तपासता रिपोर्ट देत होती हे २०१२ मध्ये उघड झालं आणि २०१७ मध्ये २१ हजारांहून जास्त खटले एका फटक्यात रद्द करावे लागले. तिथे निदान पुडीभर पावडर होती. ठशात पुन्हा तपासायला उरतं काय? बचाव पक्षाने म्हटलं की आमच्या केमिस्टकडून एकदा बघून घेऊ द्या, तर त्याला देणार काय, फोटो?

आता 'कधी' कडे येतो.

ठशाच्या केसमध्ये खरा वाद कुठे होतो? ठसा आरोपीचा आहे हे बऱ्याचदा आरोपीही मान्य करतो. तो म्हणतो, हो, मी त्या घरी गेलो होतो, पण गेल्या महिन्यात, कपाट सरकवायला. फिर्यादी पक्ष म्हणतो, नाही, खुनाच्या रात्री. नक्षी याबद्दल एक अक्षर सांगत नाही, ताजा ठसा आणि महिन्याचा ठसा रेषांच्या हिशेबाने सारखाच. इथे मात्र शाईच उपयोगी पडू शकते, कारण शाई शिळी होते. पाणी उडून जातं, स्क्वालीन हवेत लवकर बिघडतं, हवेतला ओझोन तेलातल्या असंतृप्त रेणूंना तोडतो. शाई कशी उडते याचं जुनं उदाहरण म्हणजे लहान मुलांचे ठसे. १९९० च्या दशकात अमेरिकेत टेनेसीमध्ये एका पळवलेल्या मुलीच्या केसमध्ये तिला ज्या गाडीत नेलं त्यात तिचा एकही ठसा सापडेना, मग ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीत शोधल्यावर कळलं की वयात न आलेल्या मुलांच्या ठशात हलके, पटकन उडून जाणारे रेणू जास्त असतात, मोठ्यांसारखे जड एस्टर कमी, त्यामुळे त्यांचे ठसे लवकर नाहीसे होतात. आता विचार करा, हे माहीत नसताना 'गाडीत ठसा नाही म्हणजे मुलगी गाडीत नव्हतीच' असं किती ठिकाणी धरलं गेलं असेल.

वय काढायचे प्रयत्न चालू आहेत. अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी मापन संस्थेच्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये पामिटिक ॲसिड ठशाच्या रेषांतून बाजूच्या मोकळ्या जागेत कसं पसरत जातं ते बघितलं, चार दिवसांपर्यंत, सिलिकॉनच्या गुळगुळीत चकतीवर. आयोवात ओझोनने तुटणाऱ्या तेलांवर काम झालंय. कल्पना सुंदर आहेत, पण खुनाच्या जागी सिलिकॉनच्या चकत्या नसतात, लाकूड असतं, रंगवलेली भिंत असते, कधी उन्हात कधी फ्रीजमध्ये. शिवाय संशोधनात एक गंमत असते जी बाहेरच्यांना सांगितली की ते हसतात. प्रयोगासाठी ठसा चांगला यावा म्हणून माणसाला आधी हात धुवायला लावतात, मग बोट कपाळावर नाकावर घासायला लावतात आणि मग ठसा घेतात. मस्त तेलकट, भरघोस ठसा. खरा चोर खिडकी उघडायच्या आधी नाक घासून घेत नाही हो! शाईत किती काय होतं हे सुरुवातीला माहीत नसेल तर किती उडून गेलं हे कसं सांगणार, आणि ती सुरुवात माणसागणिक, दिवसागणिक, मघाशी कपाळाला हात लागला की नाही यावर बदलते. म्हणून हा प्रश्न अवघड आहे आणि म्हणूनच तो मागे पडतो. ठशात अमुक ड्रग सापडलं याची बातमी लगेच होते, ठशाचं वय अमुक ते तमुक दिवसांच्या मध्ये आहे आणि चूक होण्याची शक्यता एवढी, याची बातमी होत नाही.

दुसऱ्या बाजूचं जे सगळ्यात वजनदार म्हणणं आहे ते टाळून चालणार नाही. ते म्हणतात, बऱ्याचदा ठसा पुसट असतो, नाहीतर डेटाबेसमध्ये कोणाशीच जुळत नाही. अशा वेळी तो कचऱ्यात टाकण्यापेक्षा त्यातून निदान एवढं कळलं की पुरुष आहे, सिगरेट ओढतो, अमुक औषध घेतो, तर शोध अर्ध्यावर येतो. एखादा माणूस पुन्हा पुन्हा खून करत सुटला असेल तर हे ऐकायला मलाही बरं वाटेल. पण मग दोन गोष्टी. एक म्हणजे असली माहिती शोधाची दिशा दाखवायला वापरा, कोर्टात पुरावा म्हणून नको, आणि माणूस सापडला की ती फाइलमधून काढा. दुसरं, 'अमुक औषध घेणारे' म्हणजे काही चोरांची टोळी नव्हे. उद्या पोलीस एखाद्या औषधाच्या सगळ्या पेशंटची यादी मागायला लागले तर लोक डॉक्टरकडे जाणं बंद करतील, आणि ते नुकसान कुठल्याच खटल्याच्या हिशेबात धरलं जाणार नाही.

'लपवण्यासारखं काही नाही' वाल्यांसाठी आणखी एक. २००४ मध्ये माद्रिदच्या ट्रेन बॉम्बस्फोटानंतर एफबीआयच्या तज्ज्ञांनी एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या एका वकिलाचा ठरवला, पक्का, आणि तो त्याचा नव्हताच. म्हणजे शंभर वर्षं जिच्यावर विश्वास ठेवला त्या नक्षीतही चूक होते. त्या वकिलाकडेही लपवण्यासारखं काही नव्हतं.

मला काय हवंय ते एका दमात सांगतो. ठशावर मास स्पेक चालवायच्या आधी प्रश्न लिहून ठेवा, लेखी, 'या ठशात नायट्रोग्लिसरीन आहे का' असा, आणि उत्तर त्या एकाच प्रश्नाचं द्या, बाकीची पिकं दिसली तरी रिपोर्टात घालू नका. मी म्हणतोय ते अवघड नाही, मशीनला ठरावीक रेणूच शोध असं सांगता येतं, आम्ही रोज सांगतो. तोच पृष्ठभाग पण ठसा नसलेली जागा आणि रिकामा ब्लँक, दोन्हींचे निकाल त्याच पानावर छापा. सामान्य लोकांत हा रेणू किती जणांच्या हातावर सापडतो तो आकडा नसेल तर साक्ष नको. सगळा ठसा एकदम वापरू नका, अर्धा ठसा बचाव पक्षासाठी राखून ठेवा, आणि अर्धा ठेवणं शक्य नसेल तर टेस्ट त्यांच्या केमिस्टसमोर करा. आणि वगळण्यासाठी दिलेले घरच्यांचे ठसे मास स्पेकमध्ये घालायचेच नाहीत, कधीच नाही, आणि काम झालं की नष्ट करायचे. २००८ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने एस आणि मार्पर यांच्या खटल्यात ब्रिटनला सुनावलंच आहे की दोषी न ठरलेल्यांचे ठसे आणि डीएनए असे सरसकट साठवून ठेवता येणार नाहीत. ठशांच्या बाबतीत तेव्हा फक्त नक्षी साठवायचा प्रश्न होता.

माझी रेघ वाकडी आहे असं मी वर म्हटलं ते ड्रग्जमुळे. कोकेन आणि दारू एकत्र घेतली की यकृतात कोकाएथिलीन नावाचा रेणू बनतो. तो ठशात सापडला तर घटनेबद्दलचं की माणसाबद्दलचं? माझा एक मित्र फौजदारी वकिली करतो, त्याचं म्हणणं की गुन्ह्याच्या वेळी माणूस शुद्धीत होता की नव्हता हे बचावाला लागतं, कधीकधी त्यावरच शिक्षा ठरते, तेव्हा हे घटनेच्या खात्यात टाक. मी म्हणतो ठसा गुन्ह्याच्या वेळचा आहे हे तू आधी सिद्ध कर, मग टाकतो. तिथे आमचं भांडण पुन्हा 'कधी' वर येऊन अडतं आणि दोघांपैकी कोणाकडेच उत्तर नसतं.